पाचवे शील आणि नवे व्यसन
(कुटुंबासाठी धम्म-अभ्यास)



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. घाटकोपर पूर्वेच्या आमच्या विहारात वंदना आटोपली होती. सतरंज्या गुंडाळण्याचे काम चालू होते. तेवढ्यात एक उपासिका पुढे आल्या. त्यांच्या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली त्याला अजून तीन वर्षेही झालेली नाहीत. इकडेतिकडे पाहत त्यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काढली आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे काय आहे ते सांगा. पोराच्या बॅगेत सापडलं."

वस्तू बोटभर लांबीची, निळ्या-हिरव्या रंगाची, प्लास्टिकची. एका टोकाला चपटे तोंड. वास आंब्याच्या गोळीसारखा. आईला वाटले कॉम्प्युटरला लावायचे काहीतरी असेल. धाकट्या मुलीने सांगितले, "आई, हे व्हेप आहे. दादा ओढतो."

मुलगा वीस वर्षांचा. सकाळी कॉलेज, संध्याकाळी अंधेरीच्या एका कार्यालयात फोनवर बोलण्याची नोकरी. घरातला पहिलाच मुलगा पदवीपर्यंत पोचलेला. आईने तीन प्रश्न विचारले. हे नेमके काय आहे? माझ्या पोराचे पाचवे शील मोडले का? आणि पोलीस त्याला धरतील का? चौथा प्रश्न त्यांनी सर्वांत शेवटी, डोळे पुसत विचारला. "गावाकडच्या भावकीला कळलं तर ते काय म्हणतील? धर्म बदलला आणि पोरगा बिघडला, असंच ना?"

हे प्रश्न त्या एकट्या माऊलीचे नाहीत. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत ज्या घरांत तरुण मुले-मुली शिकत आहेत, कामाला जात आहेत, त्या प्रत्येक घराचे ते प्रश्न होऊ शकतात. म्हणून हा पाठ याच चार प्रश्नांवर घेत आहोत. घरातील सर्वांनी एकत्र बसून तो वाचावा.

१. ही वस्तू काय आहे?

व्हेप म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेट. तिच्यात तंबाखूची पाने नसतात आणि काडी लावावी लागत नाही. आत एक छोटी बॅटरी, एक तापणारी तार आणि द्रव भरलेली कुपी असते. तोंडाने ओढले की तार तापते, द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब होतात आणि ते फुप्फुसात जातात. बाहेर पडतो तो पांढरा ढग. त्याला पाण्याची वाफ समजणे चूक आहे. त्या द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, कृत्रिम सुगंध आणि बहुतेक वेळा निकोटिन असते. तंबाखूची सवय जडवणारे द्रव्य हेच निकोटिन.

२००३ च्या सुमारास चीनमधील होन लिक नावाच्या औषधशास्त्रज्ञाने आजच्या प्रकारची इलेक्ट्रॉनिक सिगारेट तयार केली. तिचा गाजावाजा झाला तो सिगारेट सोडण्याचे साधन म्हणून. पुढे आंबा, पुदिना, द्राक्ष अशा चवी आल्या, रंगीत नळ्या आल्या, आणि ज्यांनी आयुष्यात कधी सिगारेट ओढली नव्हती अशी मुलेही तिच्याकडे वळली. पूर्वीचे निकोटिन घशाला झोंबत असे. नव्या नळ्यांत निकोटिनचा क्षार वापरतात. तो घशाला टोचत नाही, त्यामुळे नवशिक्यालाही जास्त निकोटिन सहज ओढता येते.

सिगारेटपेक्षा ही सवय एका बाबतीत अधिक फसवी आहे. सिगारेट संपते. थोटूक टाकावे लागते, तोंडाला वास येतो, आईला कळते. व्हेपला शेवट नाही. अंथरुणात, न्हाणीघरात, लोकलच्या दारात उभे राहून दोन झुरके घेतले आणि खिशात टाकली. दिवसभरात किती झुरके झाले हे ओढणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्या मुलाने आम्हाला नंतर सांगितले, "काका, मी रात्री कूस बदलतानाही ओढायचो."

माणसाच्या मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते. त्या वयात निकोटिनची सवय लागली तर ती खोल रुजते. लक्ष लागत नाही, चिडचिड होते, आणि ती चिडचिड घालवण्यासाठी पुन्हा तीच नळी तोंडाला लावली जाते. मुलाला वाटते की व्हेपमुळे आपला ताण गेला. खरे पाहता मागच्या झुरक्याचा असर उतरल्यामुळे आलेला ताण पुढच्या झुरक्याने तात्पुरता निवलेला असतो.

आणखी एक धोका आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या मालात काय भरले आहे हे कोणीच सांगू शकत नाही. २०१९ साली अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्या तरुणांना अचानक फुप्फुसाचा गंभीर आजार होऊ लागला. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जणांना इस्पितळात ठेवावे लागले किंवा मृत्यू आला, आणि त्यांत ६८ जण दगावले. मुख्य दोष गांजाच्या अर्काच्या कुप्यांत मिसळलेल्या ई-जीवनसत्त्वाच्या एका तेलकट रूपाकडे गेला. साध्या निकोटिनच्या कुपीत ते असतेच असे नाही. पण ज्या मालावर बनवणाऱ्याचा खरा पत्ता नाही, त्याची खात्री कोण देणार?

२. पाचवे शील येथे लागू होते काय?

प्रश्न प्रामाणिक आहे, तेव्हा उत्तरही प्रामाणिक दिले पाहिजे. पाचव्या शीलाच्या शब्दांत मद्याचा आणि मादक पदार्थांचा उल्लेख आहे. बुद्धाच्या काळात भारतात तंबाखू नव्हती. ती पोर्तुगीजांच्या बरोबर आली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. तंबाखूचे नाव नाही. म्हणून कोणी असे म्हणेल की निकोटिनने झिंग येत नाही, माणूस रस्त्यात पडत नाही, बायकोला मारत नाही, मग शील मोडले कसे?

पण त्या शीलातला एक शब्द आपण नीट पाहिला पाहिजे. तो शब्द म्हणजे प्रमाद. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. मादक पदार्थ वर्ज्य सांगितले ते प्रमादाचे स्थान म्हणून. सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी तरुण सिगालाला मद्याचे सहा तोटे सांगितले: पैशाचा नाश, भांडणे, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि बुद्धीची दुर्बलता. या सहांपैकी किती आपल्या घरात शिरले आहेत, हे प्रत्येकाने स्वतः मोजावे. त्या मुलाने कागदावर हिशेब मांडला. बाराशे रुपयांची एक नळी, महिन्याला तीन. म्हणजे महिन्याला छत्तीसशे आणि वर्षाला त्रेचाळीस हजार दोनशे रुपये. त्याच्या कॉलेजच्या फीपेक्षा जास्त. भांडण आधीच झाले होते. आईशी खोटे बोलणे सुरू झाले होते, म्हणजे चौथ्या शीलालाही धक्का लागला होता.

तेव्हा उत्तर असे आहे. शब्दाने पाहिले तर वाद घालता येईल. अर्थाने पाहिले तर वाद राहत नाही. परंतु शील म्हणजे न्यायाधीशाचा निकाल नव्हे. आपण म्हणतो की मी अमुक गोष्टीपासून विरत राहण्याची शिकवण ग्रहण करतो. शिकवण ग्रहण करणारा विद्यार्थी असतो. विद्यार्थी चुकतो आणि पुन्हा पाटी पुसून लिहितो. शील मोडले म्हणून मुलाला घराबाहेर काढणारा बाप धम्म पाळत नाही, स्वतःचा राग पाळतो.

३. कायदा कोणाला धरतो?

केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम काढून इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर बंदी घातली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात या सर्वांना बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. माल साठवून ठेवणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन विक्रीही त्यात आली.

या कायद्यात ओढणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही. त्याचा रोख धंदा करणाऱ्यावर आहे. म्हणून मदत मागायला घाबरण्याचे कारण नाही. परंतु मित्रांसाठी चार नळ्या आणून देणे, "मी मागवतो, तू पैसे दे" असे करणे, हे वाटप आणि विक्री होते. पुष्कळ मुलांना हे माहीतच नसते. आपला शिकलेला मुलगा चार मित्रांच्या भिडेपायी गुन्ह्यात सापडू नये, एवढ्यासाठी तरी ही गोष्ट घराघरांत सांगा.

बंदीने वस्तू नाहीशी झाली असेही समजू नका. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. टपरीवर तो कसा मिळतो हे आपण जाणतो. देशात २०१९ साली झालेल्या शालेय मुलांच्या पाहणीत १३ ते १५ वयाच्या १०० मुलांपैकी सुमारे ३ जणांनी ई-सिगारेट कधी ना कधी ओढलेली आढळली. कायदा दुकान बंद करू शकतो. तलफ बंद करणे हे काम घराचे आणि त्या मुलाचे स्वतःचे आहे.

४. मोबाईलवरून व्यसन सुटते काय?

ज्या मोबाईलवरून मुलाने नळी मागवली, त्याच मोबाईलवरून ती सोडण्याची मदतही मिळते. तरुण मुले डॉक्टरपुढे बसून बोलायला लाजतात. आईबापांपुढे तर मुळीच बोलत नाहीत. पण रात्री अकरा वाजता तलफ आली असता फोनवर आलेला एक संदेश ती वाचतात. यावर अमेरिकेत मोठे काम झाले आहे. तेथील एका संस्थेने २०१९ साली तरुणांसाठी संदेशांचा कार्यक्रम सुरू केला. मुलगा सोडण्याची तारीख ठरवतो, त्या तारखेप्रमाणे त्याला रोज संदेश येतात. ज्यांनी आधी सोडले त्यांचे अनुभव त्यात असतात. तलफ आली, ताण आला किंवा पाय घसरला, तर एक शब्द पाठवायचा की लगेच उत्तर येते.

याचा उपयोग होतो की नाही हे तपासण्यासाठी १८ ते २४ वयाच्या २,५८८ तरुणांवर चाचणी झाली आणि २०२१ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात महिन्यांनंतर संदेश मिळालेल्या गटात १०० पैकी २४ जणांनी व्हेप सोडले होते. न मिळालेल्या गटात १०० पैकी सुमारे १९ जणांनी. १३ ते १७ वयाच्या १,५०३ मुलांवरील दुसरी चाचणी २०२४ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात हेच प्रमाण सुमारे ३८ आणि २८ असे आले.

हे आकडे दोन गोष्टी शिकवतात. पहिली, मदत घेणारे अधिक सुटतात. दुसरी, मदत घेऊनही १०० पैकी ६०-७५ जणांना पहिल्या खेपेस जमत नाही. म्हणून "एवढं सांगूनही सुटत नाही, म्हणजे पोरात दमच नाही" असे म्हणणे अन्यायाचे आहे. मोबाईल हा चमत्कार नाही. चमत्कारावर आपला विश्वासही नाही. तो एक आधार आहे.

आपल्याकडे काय आहे? जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने जागतिक आरोग्य संघटनेच्या साह्याने तंबाखू सोडण्यासाठी मोबाईल संदेशांची योजना सुरू केली. एक मिस्ड कॉल दिला की नाव नोंदले जाई आणि संदेश येऊ लागत. वीस लाखांहून अधिक लोकांनी तीत नावे नोंदवली. त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये राष्ट्रीय तंबाखूमुक्ती फोनसेवा सुरू झाली. प्रादेशिक भाषांतून बोलता यावे म्हणून २०१८ साली तिची आणखी तीन केंद्रे झाली. त्यांपैकी एक आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्ये. तिचा क्रमांक १८००-११-२३५६. सिगारेट आणि तंबाखूच्या पाकिटावर तो छापलेला असतो. फोन फुकट आहे.

ही सेवा मुळात तंबाखूसाठी आहे. पण निकोटिन तंबाखूतून आले काय आणि कुपीतून आले काय, तलफ तीच. फोनवर सरळ सांगावे, "मी इलेक्ट्रॉनिक सिगारेट ओढतो, मला सोडायची आहे." समुपदेशक विचारतात: केव्हापासून, दिवसातून किती, उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने, कोणत्या प्रसंगी. मग तारीख ठरवतात आणि पुढे पाठपुरावा करतात. मन फार उदास राहत असेल, झोप उडाली असेल, जगण्याचा कंटाळा आला असेल, तर १४४१६ हा टेलि-मानस सेवेचा क्रमांक आहे. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तेथे रात्रीही बोलता येते.

५. चार सम्यक प्रयत्न

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे चार भाग आपण वर्गात शिकलो आहोत: संवर, प्रहाण, भावना आणि अनुरक्षण. न आलेला दोष येऊ न देणे, आलेला दोष काढणे, नसलेला गुण आणणे, आलेला गुण राखणे. पाठांतर करून हे चार शब्द विसरून जाण्यापेक्षा ते या कामाला लावून पाहू.

संवर. घरातील धाकट्यांनी अजून सुरुवात केलेली नाही. त्यांना धाक घालू नका. वस्तूची माहिती द्या. आंब्याच्या वासामागे काय आहे ते सांगा. "एकदा ओढून बघ, काही होत नाही" असे मित्र म्हणाला तर काय उत्तर द्यायचे, याचा घरातच सराव करा. "मला नको" एवढे दोन शब्द पुरतात, पण ते तोंडात बसलेले असावे लागतात.

प्रहाण. ज्याला सवय आहे त्याने आधी तीन दिवस फक्त मोजावे. प्रत्येक वेळी नळी तोंडाला लावली की मोबाईलमध्ये एक खूण. त्या मुलाला वाटत होते आपण दिवसातून दहा-बारा वेळा ओढतो. तिसऱ्या दिवशी खुणा निघाल्या चौसष्ट. मग कमी करावे. पहिली मर्यादा जागेची: अंथरुणात नाही, न्हाणीघरात नाही, घरात नाही. दुसरी मर्यादा वेळेची: उठल्यावर पहिला झुरका अर्ध्या तासाने, मग एका तासाने, मग दुपारी. तिसरी: संध्याकाळी बाहेर पडताना नळी घरी ठेवून जाणे. पण कमी करणे हेच मुक्कामाचे ठिकाण समजू नये. दोन-तीन आठवड्यांच्या आत एक दिवस ठरवावा, आणि त्या दिवशी नळी, कुपी, चार्जर सर्व घराबाहेर जावे. विकणाऱ्याचा क्रमांकही मोबाईलमधून पुसावा. बॅटरी असलेली वस्तू जाळू नये. ती स्फोट पावू शकते. जुन्या बॅटऱ्या जेथे घेतात तेथे द्यावी.

सोडल्यानंतर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण. डोके दुखते, राग येतो, भूक वाढते, झोप लागत नाही. दोन ते चार आठवड्यांत हे पुष्कळ ओसरते. फार त्रास होत असल्यास निकोटिनचे च्युइंगम किंवा दुसरे औषध डॉक्टरांना विचारून घेता येते. व्हेप सोडण्यासाठी सिगारेट, गुटखा किंवा मावा धरणे म्हणजे आगीतून फुफाट्यात.

भावना. तलफ आली की तिच्याशी कुस्ती खेळू नये आणि तिच्या मागेही जाऊ नये. ती पाहावी. छातीत काय होते, तोंडाला पाणी सुटते का, हात खिशाकडे जातो का. श्वास आत येतो, श्वास बाहेर जातो. तलफ लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत उतरते. अनित्य हा शब्द आपण वंदनेत ऐकतो. तो येथे स्वतःच्या शरीरात दिसतो. अमेरिकेतील येल विद्यापीठात ८८ सिगारेट ओढणाऱ्यांवर याचा प्रयोग झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला. चार महिन्यांनी स्मृतीचा अभ्यास शिकलेल्यांपैकी ३१ टक्के सिगारेटमुक्त होते, नेहमीचा वर्ग केलेल्यांपैकी ६ टक्के. मात्र हाच अभ्यास मोबाईलच्या ॲपवर दिला तेव्हा, २०१८ च्या चाचणीत, सोडणाऱ्यांच्या संख्येत फरक दिसला नाही. ॲपपेक्षा माणसांत बसून शिकणे अधिक उपयोगी पडत असावे, असे मला वाटते. आपल्या विहारातील रविवारचा अर्धा तास म्हणूनच वाया घालवू नका.

अनुरक्षण. सुटल्यावर राखणे. जुने मित्र, कामावरची विश्रांती, परीक्षेची रात्र, कोणाचे तरी लग्न, या चार ठिकाणी पाय घसरतो. आधीच ठरवून ठेवावे की तेथे मी काय करीन. घसरला तर त्याच दिवशी फोन करावा, संदेश पाठवावा, पुन्हा सुरू करावे. एक झुरका म्हणजे सर्व बुडाले, हा विचार झुरक्यापेक्षा वाईट आहे.

६. घरच्यांनी काय करावे?

आता त्या घरात काय झाले ते सांगतो. मी आईच्या आग्रहावरून संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. वडील संतापलेले होते. "माझ्या घरात व्यसन चालणार नाही. पंचशील घेतलंय आम्ही!" असे ते बोलत होते आणि बोलताना त्यांचा अंगठा तळहातावर तंबाखू-चुना मळत होता. कोपऱ्यात आजी मिसरीची डबी घेऊन बसली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने फक्त वडिलांच्या हाताकडे पाहिले.

खोलीत सर्वजण गप्प झाले. मग वडिलांनी हात झटकला आणि हसण्याचा प्रयत्न केला. पण ते हसू आले नाही.

बंधूंनो, महाराष्ट्राची ही खरी स्थिती आहे. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करताना आढळले. त्यांत ओढणारे थोडे, ३.८ टक्के, चघळणारे, मळणारे, मिसरी लावणारे २४.४ टक्के. पुरुषांत १०० पैकी ३५ आणि स्त्रियांत १७. मुलाची रंगीत नळी आपल्याला व्यसन वाटते आणि स्वतःची पुडी आपल्याला सवय वाटते. धम्मात असे दोन वजनांचे तराजू नाहीत. टाटा रुग्णालयाच्या दारात तोंडाच्या कर्करोगाने आलेल्यांची रांग ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

त्या संध्याकाळी फोन झाला तो एका माणसासाठी नाही, दोघांसाठी. आधी मुलगा बोलला. मग वडिलांनी फोन मागून घेतला. आजी म्हणाली, "माझं आता काय राहिलंय?" पण दुसऱ्या दिवसापासून तिने मिसरी तीनदाऐवजी एकदा केली, असे सुनेने सांगितले.

सर्व काही गोड झाले असे मी लिहिणार नाही. मुलाने ठरलेल्या तारखेला नळी दिली. एकोणिसाव्या दिवशी कामावरच्या एका मित्राच्या वाढदिवसाला त्याने पुन्हा ओढली. घरी येऊन आईला ते त्याने स्वतः सांगितले. आई नंतर मला म्हणाल्या, "भाऊ, त्यानं ओढली त्याचं वाईट वाटलं. पण त्यानं मला सांगितलं, त्यापेक्षा मोठं काही नाही." त्याने पुन्हा तारीख ठरवली. हे लिहीत असताना त्याला अकरा आठवडे झाले आहेत. वडिलांची पुडी सुटलेली नाही. दहाची चार झाली आहे. ते दर मंगळवारी मुलाबरोबर बसून आपला आकडा सांगतात. बाप मुलाला आपला हिशेब देतो, हे त्या घरात पूर्वी कधी घडले नव्हते.

राहिला चौथा प्रश्न. भावकी काय म्हणेल? भावकीला काय म्हणायचे ते म्हणू द्या. व्यसन धर्म विचारून घरात येत नाही. नव्याने धम्मात आलेल्या घरावर सर्वांचे डोळे असतात हे खरे. पण डोळ्यांच्या भीतीने दुखणे झाकले तर ते आत पिकते. आपण दीक्षा घेतली ती आपल्या घरी दोष उरले नाहीत हे दाखवण्यासाठी नव्हे. दोष दिसला असता तो कारणासकट पाहावा आणि कारण काढून तो दूर करावा, ही रीत शिकण्यासाठी घेतली. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते कारण दूर होऊ शकते आणि तसे करण्याचा मार्ग आहे. ही चार सत्ये विहारातल्या भिंतीवर लिहिलेली असतात. त्या दिवशी ती एका दहा बाय बाराच्या खोलीत, एका फोनभोवती बसलेल्या चार माणसांत मी पाहिली.

स्वाध्याय

१. आपल्या घरात तंबाखू, मिसरी, गुटखा, दारू किंवा व्हेप यांवर महिन्याला किती खर्च होतो? सर्वांनी मिळून कागदावर मांडा. कोणाचेही नाव लपवू नका.

२. चार सम्यक प्रयत्नांपैकी आपल्या घराला आज कोणत्या प्रयत्नाची सर्वांत अधिक गरज आहे? का?

३. मुलाने किंवा मुलीने आपली चूक स्वतः येऊन सांगितली तर घरातील मोठ्यांचे पहिले वाक्य काय असावे? ते वाक्य आजच ठरवा.

४. १८००-११-२३५६ हा क्रमांक घरातील प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये नोंदवा आणि चाळीतील, इमारतीतील आणखी एका कुटुंबाला सांगा.

पुढील रविवारी वर्गात येताना उत्तरे लिहून आणावीत.

नमो बुद्धाय! जय भीम!